घ्या, बदला, विका. फक्त नाव पुसू नका!

अँड्रॉइड फोनच्या सेटिंग्जमध्ये शिरा. ‘अबाउट फोन’, मग ‘लीगल इन्फर्मेशन’, मग ‘थर्ड-पार्टी लायसन्सेस’. एक यादी उघडेल आणि अंगठा दुखेपर्यंत सरकवली तरी संपणार नाही. आपला फोन कोणाकोणाच्या फुकट कोडवर चालतो त्याची ही जंत्री. त्यातली बरीच नावं तिथे आहेत ती एका छोट्याशा अटीमुळे: कोड घ्या, बदला, विका, स्वतःच्या मालात कुलूपबंद करा, पण मूळ लेखकाचं नाव आणि हा मजकूर सोबत राहू द्या. अशा लायसन्सला ‘परमिसिव्ह’ म्हणतात. जीपीएलसारखी ‘तुम्हीही तुमचा कोड खुला करा’ ही अट त्यात नसते. हा कारभार पाणपोईसारखा आहे: पाणी कोणीही प्या, ‘यांच्या स्मरणार्थ’ची पाटी तेवढी उखडू नका.

नियम इतका साधा, तरी त्यावरून कोर्टकज्जे झाले, बड्या कंपन्यांनी माघार घेतली आणि काही भन्नाट किस्से घडले. आपल्या प्रोजेक्टला लायसन्स लावण्याआधी त्यातले हे निवडक.

१. शंभर-दोनशे शब्दांत कारभार आटोपला

सगळ्यात लोकप्रिय परमिसिव्ह लायसन्स म्हणजे एमआयटी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९८०च्या दशकात जन्मलेलं. लांबी साधारण १७० शब्द. जीपीएलची तिसरी आवृत्ती पाच हजार शब्दांच्या पुढे जाते. एमआयटीत एक परवानगी, एक अट आणि एक हात झटकणं, एवढंच. गिटहबने २०१५ मध्ये आकडे जाहीर केले तेव्हा लायसन्स लावलेल्या प्रोजेक्टांपैकी जवळपास ४५ टक्के एमआयटीवाले होते. वकील न गाठता, चहा निवायच्या आत वाचून होणारं दुसरं कायदेशीर कागदपत्र शोधून दाखवा!

२. शेवटचा परिच्छेद ओरडतो का?

एमआयटी असो वा बीएसडी, शेवटचा परिच्छेद इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतो. सॉफ्टवेअर ‘आहे तसं’ दिलंय, कसलीही हमी नाही, नुकसान झालं तर आमच्याकडे येऊ नका, असा त्याचा सूर. हा लेखकाचा राग नव्हे. अमेरिकेतल्या व्यापारी कायद्यानुसार, विकलेल्या मालावरच्या काही हमी नाकारायच्या तर तो मजकूर ठळकपणे नजरेत भरला पाहिजे. मग वकिलांनी सोपा मार्ग काढला: सगळंच मोठ्या अक्षरांत. देवनागरीत लहान-मोठी अक्षरं नसल्यामुळे मराठी वकिलाला ओरडायचंच झालं तर ठळक ठशावर भागवावं लागेल.

३. आभार, आभार, आभार… ७५ वेळा

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कलीतून आलेल्या बीएसडी लायसन्सच्या जुन्या आवृत्तीत एक ‘जाहिरातीची अट’ होती. सॉफ्टवेअरच्या वैशिष्ट्यांचा उल्लेख करणाऱ्या कुठल्याही जाहिरातीत विद्यापीठाचं ऋण मान्य करायचं. एका विद्यापीठापुरतं ठीक होतं. पण पुढे ज्याने-त्याने हे लायसन्स उचललं आणि विद्यापीठाच्या जागी स्वतःचं नाव घातलं. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी १९९७ मधल्या नेटबीएसडीची एक आवृत्ती घेऊन मोजदाद केली, तर अशी ७५ वाक्यं निघाली. जाहिरात सॉफ्टवेअरची करायची की आभारप्रदर्शनाची? शेवटी २२ जुलै १९९९ रोजी विद्यापीठाने ही अट अधिकृतपणे मागे घेतली. आज बीएसडी म्हटलं की दोन किंवा तीन कलमांची आवृत्ती समजायची. तिसरं कलम एवढंच सांगतं की आमचं नाव वापरून स्वतःच्या मालाची शिफारस करू नका.

४. खटला भरणाऱ्यानेच पाटी पुसलेली

१९९२ साली एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने बीएसडीआय या छोट्या कंपनीवर खटला भरला आणि पाठोपाठ बर्कलीलाही त्यात ओढलं. आरोप असा की आमचा युनिक्सचा कोड यांनी वापरला. मग विद्यापीठाने उलटा डाव टाकला. एटी अँड टीने स्वतःच्या युनिक्समध्ये बर्कलीचा ढीगभर कोड घेतला होता आणि लायसन्सप्रमाणे द्यायचं श्रेय मात्र दिलं नव्हतं! १९९४ मध्ये तडजोड झाली. जवळपास १८ हजार फाइलींपैकी काढाव्या लागल्या फक्त तीन.

या भांडणात दोन वर्षं गेली आणि बीएसडी या बर्कलीच्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे वळू पाहणारे लोक धास्तावून थबकले. त्याच काळात फिनलंडमधल्या एका विद्यार्थ्याचा लिनक्स पुढे निघून गेला. पीसीवर चालणारी बीएसडी वेळेत मिळाली असती तर लिनक्स बहुधा लिहिलाच नसता, असं खुद्द त्या विद्यार्थ्याने, लिनस टोरवाल्ड्स यांनी, नंतर सांगितलंय.

५. इंटेलच्या पोटात मिनिक्स

अँड्र्यू टॅनेनबॉम हे ॲमस्टरडॅमचे निवृत्त प्राध्यापक. विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टिम शिकवण्यासाठी त्यांनी मिनिक्स लिहिली आणि पुढे ती बीएसडी लायसन्सखाली खुली केली. काही वर्षांनी इंटेलचे इंजिनिअर त्यांच्याकडे तांत्रिक शंका घेऊन आले. मेमरी कमी लागावी म्हणून काही बदलही सुचवले. मग एकदम सामसूम.

२०१७ मध्ये उलगडा झाला. इंटेलच्या चिपसेटमध्ये ‘मॅनेजमेंट इंजिन’ नावाचा एक स्वतंत्र छोटा संगणक असतो, त्यात मिनिक्स चालत होती. म्हणजे जगभरच्या असंख्य कॉम्प्युटरांत प्राध्यापकांची सिस्टिम गुपचूप बसलेली, आणि हे त्यांना कळलं बातम्यांतून. त्यांनी इंटेलला जाहीर पत्र लिहिलं. पैशांची मागणी नव्हती, कायद्याने इंटेलला काही सांगणं बंधनकारकही नव्हतं. एवढंच म्हणणं की शिष्टाचार म्हणून एक निरोप दिला असता तर बरं वाटलं असतं.

लायसन्स निवडणाऱ्या प्रत्येकाने हा किस्सा लक्षात ठेवावा. परमिसिव्ह लायसन्समध्ये कृतज्ञता ऐच्छिक विषय असतो.

६. ‘सत्कार्यासाठीच वापरा’ म्हटलं आणि पंचाईत झाली

जेसन या डेटा फॉरमॅटचे जनक डग्लस क्रॉकफर्ड यांनी एमआयटी लायसन्स घेतलं आणि त्यात एक ओळ वाढवली: हे सॉफ्टवेअर चांगल्या कामासाठी वापरावं, वाईट कामासाठी नाही. वाचायला किती गोड! पण चांगलं-वाईट ठरवणार कोण? कशासाठी वापरायचं यावर बंधन आलं की ते लायसन्स ‘ओपन सोर्स’च्या व्याख्येतून बाहेर पडतं. डेबियन या लिनक्स वितरणाने ते नाकारलं आणि २०१६ मध्ये अपाची फाउंडेशननेही आपल्या प्रोजेक्टांत त्याला मज्जाव केला.

गंमत क्रॉकफर्ड स्वतःच सांगतात. आयबीएमच्या वकिलाने विचारणा केली की आम्ही काही वाईट करणार नाही, पण आमचे ग्राहक काय करतील याची खात्री देता येत नाही, तर वेगळी परवानगी मिळेल का? क्रॉकफर्ड यांनी लेखी उत्तर दिलं: आयबीएम, तिचे ग्राहक, भागीदार आणि चेलेचपाटे यांना दुष्कृत्यांसाठी वापरायची परवानगी देण्यात येत आहे!

७. बिअर, युगांडा आणि एक शिवी

डेन्मार्कचे पौल-हेनिंग काम्प यांचं ‘बिअरवेअर’ लायसन्स: नोटीस राहू द्या, कोडचं हवं ते करा आणि कधी भेट झालीच व कोड कामाचा वाटला, तर एक बिअर पाजा.

विम या एडिटरचे दिवंगत कर्ते ब्राम मोलेनार यांनी बिअर नाही मागितली. विम आवडलं तर युगांडातल्या गरजू मुलांसाठी मदत करा, असं आवाहन त्यांनी केलं. एडिटर नुसता उघडला की स्क्रीनवर ती ओळ आजही अनेकदा दिसते. सक्ती अर्थातच नाही.

आणि तिसरं डब्ल्यूटीएफपीएल. त्याच्या नावातच शिवी आहे आणि मजकुराचा सारांश ‘तुम्हाला काय वाट्टेल ते करा’. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ते मुक्त म्हणून मान्य केलंय. गूगलमध्ये मात्र त्याला मज्जाव आहे. विनोदी लायसन्सचं हेच होतं. आपल्याला हसू येतं, मोठ्या कंपनीच्या वकिलाला येत नाही, आणि आपला कोड दारातच अडतो.

८. लायसन्सऐवजी आशीर्वाद

तुमच्या फोनमध्ये या क्षणी एसक्यूलाइट हा डेटाबेस आहे, बहुधा एकापेक्षा जास्त ॲपांत. त्याला लायसन्सच नाही. कर्ते रिचर्ड हिप यांनी कोड सार्वजनिक मालकीचा म्हणून सोडून दिला आणि फाइलींच्या सुरुवातीला, कॉपीराइटची नोटीस जिथे असायची तिथे, सदिच्छांच्या तीन ओळी लिहिल्या: भलं करा, क्षमा करा, देता त्याहून जास्त घेऊ नका, अशा अर्थाच्या.

आता मौज बघा. काही कंपन्यांच्या कायदा विभागाला ‘हे सगळ्यांचं आहे’ यावर विश्वास बसत नाही, त्यांना सहीशिक्क्याचा कागद लागतो. म्हणून एसक्यूलाइटवाले फुकट कोडची हमी देणारा कागद विकत देतात! शिवाय बाहेरच्यांचे बदल ते सहसा घेत नाहीत. ज्यांनी कोड लिहिला त्यांनी हक्क सोडल्याची प्रतिज्ञापत्रं केली आहेत आणि ती हिप यांच्या कंपनीच्या कचेरीत आगीतही टिकेल अशा तिजोरीत ठेवलेली आहेत. कोड खुला, तिजोरी बंद.

९. आणि ज्यांना पाटीसुद्धा नको…

टॉयबॉक्स या कमांड-लाइन साधनांच्या संचाचे कर्ते रॉब लँडली यांनी बीएसडीमधून नोटीस जपण्याची अटही खोडून टाकली. त्याला ‘झीरो-क्लॉज बीएसडी’ म्हणतात. शून्य अटी. टॉयबॉक्स २०१५ पासून अँड्रॉइडमध्ये आहे.

१०. तुमचा कोड म्हणजे साहित्यकृती!

भारताच्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत कॉम्प्युटर प्रोग्रामही येतो. म्हणजे कायद्याच्या लेखी कादंबरी आणि तुमची पायथन स्क्रिप्ट एकाच रांगेत. हक्कही तसेच: लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं.

याचा उलटा अर्थ महत्त्वाचा. कोड नेटवर टाकला आणि लायसन्स लावलंच नाही, तर तो मोकळा होत नाही. सर्व हक्क तुमच्याकडेच राहतात. लोक वाचू शकतात, पण वापरायचा तर परवानगी लागते. गिटहबच्या २०१५च्या त्याच पाहणीत सार्वजनिक प्रोजेक्टांपैकी वीस टक्क्यांहूनही कमी जणांनी लायसन्स लावलेलं आढळलं. म्हणजे बाकीच्यांनी दुकान उघडं ठेवून ‘आत येऊ नये’ असंच म्हटलं होतं, नकळत.

सगळंच सोडून द्यायचं असेल तर? जर्मनीत लेखकाला कॉपीराइटवर पाणी सोडताच येत नाही. भारतात येतं: कायद्याच्या कलम २१ नुसार रजिस्ट्रारला कळवून किंवा जाहीर नोटीस देऊन हक्क सोडता येतात. देशागणिक असा गोंधळ असल्यामुळेच, सगळं देऊन टाकायची इच्छा असली तरी अनेक जण एमआयटीसारखं सर्वांना कळणारं लायसन्स लावतात.

११. ‘आर्थिक’ नीट दिसतं ते कोणामुळे?

‘आर्थिक’ हा शब्द कॉम्प्युटर असा साठवतो: आ, र, हलन्त, थ, ऱ्हस्व वेलांटी, क. दाखवताना मात्र वेलांटी उडी मारून ‘थ’च्या आधी यावी लागते आणि ‘र’चा रफार होऊन डोक्यावर बसावा लागतो. ही कसरत करणाऱ्या प्रोग्रामांपैकी सगळ्यात पसरलेला म्हणजे हार्फबझ. अँड्रॉइड, क्रोम, फायरफॉक्स, सगळीकडे तोच. लायसन्स? एमआयटीचाच एक जुना अवतार. म्हणूनच मोठ्या कंपन्यांनी आणि हौशी मंडळींनी तो सारख्याच बिनधास्तपणे उचलला.

छापील मराठी पान स्कॅन करून मजकूर काढणारा टेसरॅक्टही याच जातकुळीचा. १९८५ ते १९९४ या काळात तो ह्यूलेट-पॅकार्डमध्ये घडला, २००५ मध्ये खुला झाला. त्याला अपाची लायसन्स आहे.

१२. पेटंटचा काटा

एमआयटी आणि बीएसडी कॉपीराइटबद्दल स्पष्ट बोलतात, पेटंटचा शब्दही काढत नाहीत. जानेवारी २००४ मध्ये आलेल्या अपाची २.० ने ही फट बुजवली. कोड देणाऱ्याने त्यातल्या आपल्या पेटंटचीही परवानगी दिली असं मानायचं. आणि या सॉफ्टवेअरवरून कोणी पेटंटचा खटला भरला, तर त्या सॉफ्टवेअरपुरती त्याला मिळालेली पेटंटची परवानगी रद्द. जशास तसं.

फेसबुकने रिॲक्ट या आपल्या जावास्क्रिप्ट लायब्ररीसाठी याहून तिखट प्रयोग केला: बीएसडी लायसन्स आणि सोबत पेटंटची वेगळी पुरवणी. फेसबुकवर कुठल्याही विषयात पेटंटचा दावा लावलात तर परवानगी गेली. जुलै २०१७ मध्ये अपाची फाउंडेशनने या जोडगोळीला बंदी घातली. सप्टेंबरच्या मध्यावर वर्डप्रेसच्या मॅट मुलेनवेग यांनी रिॲक्ट सोडत असल्याचं जाहीर केलं. दोन आठवड्यांच्या आतच फेसबुकने माघार घेत रिॲक्टला साधं एमआयटी लावलं. इतक्या मोठ्या कंपनीला नमवलं ते एका जोडपत्राने.

अपाचीची एक गाठ ध्यानात असू द्या: फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या मते ते जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीशी जुळत नाही, तिसरीशी जुळतं.

१३. ‘माझी गाडी बिघडलीय, तुमचा नंबर… सॉरी, ईमेल सापडला’

कर्ल हे डेटा आणण्या-पाठवण्याचं सॉफ्टवेअर फोन, टीव्ही, मोटारी, सगळ्यांत असतं. त्याचं लायसन्स एमआयटीच्या वळणाचं, त्यात स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं नाव आणि ईमेल पत्ता. गाडीच्या स्क्रीनवर लायसन्सच्या पानात गाडीमालकाला हा जिवंत पत्ता दिसतो. मग काय, गाडीची सिस्टिम कशी चालवायची असं विचारणारे ईमेल त्यांना येत राहतात, आणि ते त्यातले मासलेवाईक नमुने प्रसिद्धही करतात. श्रेयाची अट घालताना सावध असा. श्रेय खरंच मिळतं.

१४. खेळण्यातल्या रेल्वेने लावलेला निकाल

‘फुकट दिलेल्या कोडच्या अटी कोण पाळतं?’ या प्रश्नाला उत्तर दिलं ते मॉडेल रेल्वेच्या हौशी लोकांनी. रॉबर्ट जेकबसन हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आणि छोट्या रेल्वे चालवणाऱ्या जेएमआरआय या खुल्या प्रोजेक्टचे कर्ते. त्यांच्या फाइली लेखकांची नावं काढून दुसऱ्याच्या विक्रीच्या मालात वापरल्या गेल्या. २००८ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने सांगितलं की खुल्या लायसन्समधल्या अशा अटी मोडल्या तर तो कॉपीराइटचा भंग ठरू शकतो. पैसे घेतले नाहीत म्हणून अट पोकळ होत नाही. जगातल्या सगळ्या पाट्या त्या दिवशी थोड्या घट्ट झाल्या.

१५. दिलं ते दिलं

मार्च २०१६ मध्ये लेफ्ट-पॅड ही अकरा ओळींची जावास्क्रिप्ट फाइल तिच्या कर्त्याने रागाने एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून काढून घेतली आणि जगभरचे प्रोजेक्ट बिल्ड होईनात. तिचं लायसन्स होतं ते शिवीवालं. ‘काय वाट्टेल ते करा’ असं लिहिलेलं, तर एनपीएमने ती परत लावून टाकली!

मोठ्यांचीही हीच कथा. रेडिस या डेटाबेसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडून बंधनं असलेली लायसन्स घेतली, कारण क्लाउडवाले फुकट वापरून पैसे कमावतात. पण जुनी आवृत्ती बीएसडीखालीच राहिली. काही दिवसांतच लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली तिच्यापासून व्हॅल्की उभी राहिली. मागे ॲमेझॉन, गूगल, ओरॅकल. पुढच्या आवृत्तीचं लायसन्स बदलता येतं, दिलेल्याचं नाही. २०२५ मध्ये रेडिसने एजीपीएलचा (जीपीएलच्या कडक भावंडाचा) पर्याय देऊन पुन्हा ओपन सोर्समध्ये पाऊल टाकलं, पण तोवर घर वेगळं झालं होतं.

मग लावायचं कोणतं?

• छोटी लायब्ररी, पटकन पसरावी अशी इच्छा: एमआयटी.

• तोच मोकळेपणा, पण आपलं नाव दुसऱ्याच्या जाहिरातीत नको: तीन कलमांचं बीएसडी.

• कंपन्या वापरणार, कंपन्यांचे लोक कोड देणार, पेटंटची धास्ती: अपाची २.०.

• नमुन्याचा कोड, लोकांनी सरळ चिकटवावा आणि विसरावं: झीरो-क्लॉज बीएसडी.

• कोणी कोड घेऊन कुलूप लावलं तर झोप उडेल: परमिसिव्हच्या वाटेला जाऊ नका, जीपीएल किंवा एजीपीएल वाचा.

• स्वतःचं नवं लायसन्स लिहायची हुक्की आली: क्रॉकफर्ड आणि आयबीएमचा किस्सा पुन्हा वाचा.

निवड झाली की मजकूर जसाच्या तसा ‘लायसन्स’ नावाच्या फाइलीत टाका, वर साल आणि नाव भरा. नोकरी करत असाल तर कंपनीशी केलेला करार आधी उघडा. कोड कंपनीचा निघाला तर तो वाटायचा हक्क तुमचा नाही. आणि मनात एखादी अपेक्षा असेल, पैशांची, मदतीची किंवा नुसत्या निरोपाची, तर ती फाइल टाकण्याआधी आठवा. लायसन्समध्ये जे लिहिलंय तेवढंच लोक पाळतात, आणि तेही पाळलं तर आपलं नशीब थोर.